‘सा’ आणि ‘दियाह’ यांच्या मधली खूण

पेकालोंगान, ५ फेब्रुवारी, मंगळवार, लेगीचा बाजार

तुंजुंग पोरी,

सलाम, आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. डाव्यावर जरा जास्त, तो गाल तुझ्या आईचा आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. पोस्टमन म्हणाला, "इबू, अख्ख्या गल्लीत पत्र फक्त तुम्हाला येतं, बाकीच्यांना नुसती विजेची बिलं." मी म्हटलं, "मग जरा मोठ्यानं सांग की, कोपऱ्यावरच्या घरापर्यंत ऐकू जाऊ दे!" तू म्हणतेस फोन करत जा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं बाई. अठ्ठावन्नाव्या वर्षी मशिदीमागच्या वर्गात बसून मी अक्षरं शिकले, ती काय गंजत ठेवायला? पत्र परत वाचता येतं. तुझं मी चारदा वाचलं. पाचव्यांदा शेजारच्या चास्मिनीला वाचून दाखवलं, तिला ऐकायचं नव्हतं तरी.

आमच्या बायकांच्या संस्थेची वेबसाइट तुझ्याच कचेरीकडे आली, हे वाचून मी चुलीवरची कढई विसरले. प्रत्येक कापडाला स्वतःचं पान, पानावर फोटो, आणि खाली ते कापड काढणाऱ्या बाईचं नाव! पोरी, चाळीस वर्षं मी मेणानं कापडावर बाटिकची नक्षी काढतेय. घरातून निघालं की कापड दुकानदाराचं होतं. कोणी काढलं हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. आता नाव येणार म्हणतेस. मी लगेच केस विंचरून आले, नावाला केस लागत नाहीत हे माहीत असून.

पण पुढे लिहितेस की साचा कुठला निवडायचा यावरून तुमच्यात रोज वाद चाललेत. अगं, मग मला नाही का विचारायचं? तुझ्या आजोबांनी जन्मभर तांब्याचे ठसे मेणात बुडवून कापडावर मारले. त्यांचा ठसा आणि माझा हात, यावरून आम्ही इतकं भांडलोय की त्यातूनच तुझी आई झाली. तर ऐक. ठसा घेताना आधी कड बघायची. एकाची उजवी कड दुसऱ्याच्या डावीला बसली पाहिजे, नाहीतर वेल मध्येच तुटतो. वजन बघायचं, दुपारपर्यंत मनगट राहिलं पाहिजे. आणि जिथं पुढे हातानं भरायचं असतं तिथं ठशात जागा मोकळी सोडलेली असते, ती पुरेशी आहे का बघ. भरगच्च ठसा दिसायला छान, पण त्यात माणसाला शिरायला वाव नसतो.

तुमच्याकडे तांबं कुठलं वापरतात?

तुझी आजी
सा’दियाह


बांडुंग, १४ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मी कचेरीत जेवताना वाचलं आणि इतकी हसले की कांग देंडी काय झालं म्हणून बघायला आले. कांग देंडी म्हणजे आमचे साहेब. इथं वयानं मोठ्याला कांग म्हणतात, म्हणून साहेबालाही कांग. मी त्यांना म्हटलं, "आजी विचारतेय, तांबं कुठलं वापरता?" त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास.

तांबं नाही गं. हा साचा लिहायचा असतो. पान कसं दिसेल ते एकदाच लिहून ठेवायचं: फोटो इथं, नाव इथं, गाव इथं. या जागा मोकळ्या. मग कापडं साठ असोत की सहाशे, ज्याची त्याची माहिती त्या जागांमध्ये भरायची. म्हणजे खरं तर तू सांगितलंस तेच. मोकळ्या जागेचं तुझं वाक्य मी भिंतीला चिकटवलंय.

वाद असा आहे की या जागा भरायच्या कुठं? मी म्हणते, आपल्या संगणकावर भरू आणि तयार पान पाठवू, फोननं नुसतं दाखवायचं. कांग देंडी म्हणतात हे जुनं झालं. आधी रिकामं पान पाठवायचं, मागून साचा, मागून माहिती, आणि जोडाजोड बघणाऱ्याच्या फोनवर. मग पान पुन्हा न उघडता फोटो सरकतो, मोठा होतो, मेणाच्या भेगासुद्धा दिसतात. ते काही चुकीचं बोलत नाहीत. जकार्ताच्या गिऱ्हाइकाकडे महाग फोन असतो, त्याला फरक पडत नाही. पण साध्या फोनवर सगळं सामान उतरून जुळेपर्यंत स्क्रीन पांढरीच राहते.

आता त्यांच्या पद्धतीचं कच्चं पान तुमच्या अध्यक्षांना, पाक सुबेखानना पाठवलंय. तू बघ आणि खरं सांग. नातीचं म्हणून गोड बोलू नकोस.

तुंजुंग


पेकालोंगान, २२ फेब्रुवारी, शुक्रवार पोन

तुंजुंग पोरी,

सलाम. पापे नंतर, आधी बोलू दे, पोटात मावत नाहीये.

पाक सुबेखाननी सगळ्यांना संस्थेत बोलावलं आणि चास्मिनीच्या फोनवर पान उघडलं. पांढरं. मी म्हटलं, कोरं कापड दाखवतायत आधी, छान सुरुवात आहे. सगळ्या बघतोय. चास्मिनीनं मेगोनो भाताची पुडी सोडली, आम्ही चौघींनी संपवली, हात धुऊन आलो. पांढरंच! आमच्यातली मुस्री’आह म्हणाली, "गं बाई, रंगवायला विसरली वाटतं तुझी नात." मी तिला असं बघितलं की ती परत हात धुवायला गेली.

मग एकदम सगळं उगवलं, आणि काय सांगू! माझं कापड, माझं करवतकाठी वेलाचं, आणि खाली माझं नाव: ‘सा’, मग पिळलेल्या दोरीसारखी एक खूण, मग कुंपणाची जाळी, मग ३९, मग ‘दियाह’. मी म्हटलं, माझ्याआधी अडतीस सा’दियाह येऊन गेल्या की काय! तर मुस्री’आहच्या नावाच्या पोटातही तेच ३९. मग ती म्हणायला लागली की एकोणचाळीस नंबर तिचा, ती संस्थेत माझ्याआधी आली. असं भांडलो म्हणून सांगू! पाक सुबेखान मध्ये पडले म्हणून.

आता त्यांचं ऐक. तुमच्या फॉर्मात पहिलं नाव आणि दुसरं नाव अशा दोन जागा आहेत, दोन्ही भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. इथं दुसरं नाव आहे कोणाला? आईबापांनी एक ठेवलं, तेच जन्मभर वापरलं, झिजलं नाही. पाक सुबेखानचंही एकच, ‘पाक’ तर आपण मानानं म्हणतो. मग त्यांनी काय केलं असेल? पहिल्या जागेत लिहिलं ‘हाजी’, दुसरीत ‘सुबेखान’. तेव्हापासून तुमची वेबसाइट त्यांना "नमस्कार हाजी" म्हणते आणि ते मान हलवतात!

चास्मिनी म्हणाली, "आणि आम्ही काय लिहू? मक्केला जाऊन आल्याशिवाय संगणकात शिरता येत नाही का?"

ते म्हणाले, "प्रत्येकीनं एक जास्तीचं नाव घ्या. वडलांचं घ्या, नवऱ्याचं घ्या, फुलाचं घ्या. आणि ज्यांच्या नावात ती मधली खूण आहे त्यांनी ती काढून टाका. एवढीशी तर आहे. मी कागद करून आणतो, सह्या करा."

मी म्हटलं, "पाक, एवढीशी तर तुमच्या नाकावरची चामखीळ पण आहे."

सही करणार नाही म्हटलं, हे सांगायला नकोच.

आणि तुझ्या कांग देंडींना माझा निरोप दे. गिऱ्हाईक दारात आल्यावर आपण त्याला कापड देतो. मेण, चूल, रंग आणि ठसा त्याच्या हातात कोंबून "घरी जाऊन करून घे" असं म्हणत नाही.

आता पापे.

सा’दियाह (मध्ये काही नंबर नाही)


बांडुंग, ३ मार्च

आजी,

निरोप दिला. कांग देंडी म्हणाले, "तुझी आजी नोकरी करेल का इथं?" पण मत काही बदललं नाही.

३९ ची अर्धी चूक माझी आहे. काही खुणा अशा असतात की फोनला त्या हुकूम वाटतात. कुणी खोडसाळपणानं नावाच्या जागी हुकूम लिहून ठेवला, तर फोन तो पाळेल. म्हणून साच्यात एक राखणदार असतो. तो अशा खुणेवर सोंग चढवतो, म्हणजे ‘हिला नुसतं दाखवा, हिचं ऐकू नका’. दाखवताना फोन ते सोंग उतरवतो आणि मूळ खूण दिसते. पण माहिती साठवतानाच मी माझा एक राखणदार बसवला होता, जास्तीची काळजी म्हणून. साच्यातला होताच. त्यानं सोंगावर सोंग चढवलं, फोननं एकच उतरवलं, आणि उरलेलं, म्हणजे ते ३९, तुझ्या नावाच्या मध्ये उभं राहिलं.

नीट करायचं तर नावं जशीच्या तशी साठवायची आणि राखणदार एकच ठेवायचा, शेवटच्या दारात. फॉर्मही बदलायला हवा. पण १८ एप्रिलला प्रांताच्या कचेरीतल्या बाई बघायला येणार आहेत, पैसे त्यांच्या कचेरीचे आहेत. कांग देंडी म्हणतात एवढ्यात मुळाला हात लावायचा नाही.

म्हणून आजी, रागावू नकोस, पण तात्पुरतं, फक्त त्या दिवसापुरतं, तू खुणेशिवाय नाव देशील का? ‘सादियाह’. आणि पुढे आजोबांचं नाव. नंतर मी बदलून देईन. इथं सगळं ठीक आहे, काळजी करू नकोस.

तुंजुंग


पेकालोंगान, ११ मार्च, सोमवार क्लिवोन

तुंजुंग,

नाही.

आता बाकीचं लिहिते.

भाजीत दोघींनी मीठ घातलं तर दुसऱ्या दिवशी एकीनं घालायचं. खाणाऱ्याची जीभ कापायची नाही. तू शिकलेली, मी न शिकलेली, आणि हे मी तुला सांगतेय!

ती खूण म्हणजे काय ते तुला मी कधी सांगितलं नाही. ‘सा’ म्हटलं की घसा जरासा मिटतो, आणि मग ‘दियाह’. माझी आई लांबून हाक मारायची तेव्हा त्या मिटण्यात मला कळायचं की ती रागात आहे की जेवायला बोलावतेय. वर्गात बाईंनी माझं नाव पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी विचारलं, "बाई, मध्ये माशी बसून गेली का?" सगळ्या हसल्या. बाई म्हणाल्या, "नाही इबू, तो तुमचा श्वास आहे." ती खूण मला जमायला अकरा दिवस लागले. एकदा खाली उतरायची, एकदा ‘दि’वर चढायची. अकरा दिवस! आणि तू म्हणतेस तात्पुरती काढ. तात्पुरतं श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखं आहे हे.

आणि तुझ्या आजोबांचं नाव लावू? ते गेल्यावर? जिवंतपणी त्यांना माझ्या कापडाला हात लावू दिला नाही मी!

तर मंगळवारी सभा झाली. पाक सुबेखान कागद घेऊन टेबलाशी बसले. मी आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगून आले होते. पहिली चास्मिनी.

"नाव?"

"चास्मिनी."

"दुसरं नाव?"

"चास्मिनी!" आधीपेक्षा मोठ्यानं.

त्यांना वाटलं ऐकू येत नाही. पुढची तारमी.

"दुसरं नाव सांगा, तारमी."

"तारमी!!"

आठवीनंतर त्यांच्या लक्षात आलं. पण थांबतील कसे, रांग दारापर्यंत. साठ जणी, पोरी! शेवटी शेवटी बाहेरचा मासेवालासुद्धा आमच्याबरोबर ओरडत होता. मी सगळ्यांत शेवटी. त्यांनी विचारलंच नाही, टोपी काढून कपाळ पुसलं. मी म्हटलं, "विचारा की, एवढी तयारी करून आलेय!"

कागदावर एकही सही नाही. मी मजेत आहे. खाते, झोपते, गुडघा दुखतो पण तो पूर्वीपासूनच.

सा’दियाह

(मागच्या बाजूला, वेगळ्या अक्षरात:)

तुंजुंग, मी चास्मिनी मावशी. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहून घेते. तुझी आजी सगळं सांगत नाही. सही नाही म्हणून पाक सुबेखाननी तिचं कोरं कापड आणि मेण दोन आठवडे झाले बंद केलंय. म्हणतात ती पुढारी, तिला वेगळी वागणूक. ती ओटीवर बसून ओल्या बोटानं फरशीवर वेल काढते. विचारलं तर म्हणते हात चालू ठेवतेय. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.


बांडुंग, १८ मार्च

आजी,

मी फोन केला तर "मेण भरपूर आहे" म्हणालीस आणि ठेवून दिलास. मला सगळं कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नकोस.

तू लपवलंस, तसं मीही लपवलं. मागचं पत्र लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी कांग देंडींनी मला तुमच्या कामावरून काढलं होतं. नोकरी आहे, पण दुसऱ्या कुणाच्या तरी हॉटेलाचं पान करतेय, समोशासारख्या तळलेल्या पदार्थांचे फोटो लावत. साच्यावरून मी सगळ्यांसमोर वाद घातला, म्हणून. आणि मग मी घाबरले. तुला नाव बदलायला सांगितलं ते तुझ्या सोयीसाठी नव्हतं, माझ्या भीतीनं होतं. अकरा दिवसांचं वाचलं आणि मला कचेरीत बसवेना. जिन्यात जाऊन बसले.

आता ऐक. तुमचं पान मी माझ्या पद्धतीनं घरी पूर्ण करतेय. राखणदार एकच, नावाला जागा एकच, आणि तयार पान पाठवायचं. मला चास्मिनी मावशीचा फोन हवाय, तोच, फुटक्या काचेचा. आमच्या कचेरीत असा फोन कुणाकडे नाही, म्हणून पांढरी स्क्रीन इथं कुणाला दिसतच नाही. बसनं पाठव.

१८ एप्रिलला प्रांताच्या बाई येतील तेव्हा मी त्या खोलीत जाणार आहे. मला बोलावलेलं नाही.

तुंजुंग


पेकालोंगान, २७ मार्च, बुधवार लेगी

पोरी,

फोन सोबत आहे, माझ्या जुन्या सारोंगमध्ये गुंडाळून. चास्मिनी म्हणते काच आधीच फुटकी आहे हे लिहून दे, नाहीतर तुझ्या नातीवर येईल. लिहून दिलं.

ती चोंबडी आहे. पण मेणाचं तिनं सांगितलं ते खरं आहे. आता ऐक पुढचं: गेल्या आठवड्यात एकेक जण येते, पदराखालून वाटी काढते आणि आपल्या वाट्यातलं थोडं मेण माझ्या कढईत टाकते. तारमीनं दोन हात कापड फाडून दिलं. मी परत काढायला बसले. पाक सुबेखान येऊन बघतात तर चूल पेटलेली.

"हे मेण कुठून आलं?"

चास्मिनी म्हणाली, "तुमच्या फॉर्मात ही जागा नव्हती, पाक."

बोलावलेलं नाही म्हणतेस? मला कुठल्या खोलीत कधी बोलावलं होतं? आत जायचं आणि बसायला खुर्ची मागायची. आधी पोटभर खाऊन जा, रिकाम्या पोटी आवाज चिरकतो.

सा’दियाह


बांडुंग, २० एप्रिल

आजी,

खाऊन गेले. खुर्ची मागितली. कांग देंडींनी माझ्याकडे असं बघितलं की मी उभीच राहिले.

प्रांताच्या बाई वयस्कर, चष्मा डोक्यावर ढकललेला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कांग देंडींचं पान झरझर सरकत होतं, खरंच देखणं. बाई खूश. मी फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाई, ज्यांची नावं या पानावर येणार त्यांच्या हातात हा फोन असतो. यावर बघता का?"

कांग देंडी म्हणाले, "तुंजुंग, हा फोन कुठल्या संग्रहालयातून आणलास?"

"पेकालोंगानहून, कांग. तिथं याला नवा म्हणतात."

त्यांचं पान उघडलं. पांढरं. बाईंनी चहा घेतला. पांढरं. बाईंनी मला कुठली म्हणून विचारलं, मी सांगितलं, त्यांनी त्यांच्या मावशीचं सांगितलं, मावशीच्या सुनेचं सांगितलं. पांढरं. मग मी माझं उघडलं आणि बाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. तुझं कापड, तुझं नाव. बाई चष्मा खाली ओढून जवळ गेल्या आणि नावाच्या मध्ये बोटानं काच पुसायला लागल्या. पुसलं, परत पुसलं.

"जात नाही हो हे."

"जाणार नाही बाई. तो त्यांचा श्वास आहे."

बाईंनी बोट मागे घेतलं. मग कांग देंडी म्हणाले, "उघडतं खरं. पण तंत्र जुनं आहे."

मी म्हटलं, "कांग, ठसा जुना असला तरी कापड नवंच निघतं. फोटो मोठा करायची तुमची युक्ती मला हवीय. ती तयार पानावर वरून लावता येईल, ज्याच्या फोनला झेपेल त्याला दिसेल. पण नाव आधी आलं पाहिजे."

बाई म्हणाल्या, "हेच घ्या." आणि कांग देंडींनी जाताना मला जिन्यात गाठलं: "काम तुझं. तुटलं तर तेही तुझं." पुढे पाच पायऱ्या उतरले आणि थांबले. "आजीला माझा सलाम कळव."

कळवला. पाक सुबेखानना बाईंच्या कचेरीतून पत्र गेलंय: नावं बायकांनी सांगितली तशीच. ३० तारखेला तुमच्याकडे उद्घाटन आहे. मला यायला रजा नाही, म्हणून सगळं लिही. एकही गोष्ट लपवू नकोस.

तुंजुंग


पेकालोंगान, ३ मे, शुक्रवार पोन

तुंजुंग पोरी, माझ्या कमळा,

सलाम, आणि इतके पापे की तुझा चेहरा धुवावा लागेल.

उद्घाटन झालं. पाक सुबेखान नव्या टोपीत. माझं कापड आणि मेण त्यांनी आदल्या दिवशी स्वतः आणून दिलं. म्हणाले, "इबू, माझाही नाइलाज होता." मी म्हटलं, "माझाही होता, पाक. बसा, चहा घ्या." घेतला. साखर दोन चमचे. माणूस वाईट नाही, फक्त टोपी घट्ट आहे.

पान चास्मिनीच्या त्याच फोनवर उघडलं आणि बोट उचलायच्या आत दिसलं. आम्ही हसतोय, रडतोय, एकमेकींना चिमटे काढतोय. पाक सुबेखाननी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. मुस्री’आह. चास्मिनी. तारमी. आणि ‘सा’ म्हणून ते थांबले, बरोबर तेवढेच थांबले, आणि मग ‘दियाह’. मुस्री’आहचं माझ्याआधी घेतलं. घेऊ दे, तिला सुख मिळू दे.

साठ नावं झाली. टाळ्या झाल्या. आणि मग मागून एक बारीक आवाज आला, "माझं राहिलं का?"

कसिपाह. तू तिला पाहिलंयस, मागच्या अंगणात असते, कोपरापर्यंत हात निळे. कापडावरचं मेण उकळत्या पाण्यात उतरवते आणि धुते. ती नसती तर आमची कापडं मेणाच्या पाट्या राहिल्या असत्या.

पाक सुबेखाननी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, "साच्यात नावाला एकच जागा आहे, कसिपाह. तुंजुंगनंच तशी केलीय." आणि पोरी, ते माझ्याकडे बघून हसले. बरोबर हसले!  सत्तावीस वर्षं त्या बाईनं माझी कापडं धुतली. तीन महिने मी आकाशपाताळ एक केलं, घरोघर फिरले, साठ जणींना ओरडायला शिकवलं. तिच्या दारी गेलेच नाही. मला सुचलंच नाही. दुकानदारानं मला जे केलं, तेच मी तिला केलं, आणि वर केस विंचरून बसले होते.

कसिपाह म्हणाली, "नाही, मी सहज विचारलं," आणि परत अंगणाकडे वळली.

मी तिचा हात धरला. माझाही हात निळा झाला. मी म्हटलं, "कुठं चाललीस? बस."

मग आम्ही तिथंच सभा भरवली, पाक सुबेखानना न विचारता. प्रत्येक कापडाला किती हात लागतात ते मोजलं. काढणारी, जिथं ठसा आहे तिथं ठसा मारणारा, रंगवणारी, धुणारी. ठसेवाले बाप्ये पहिल्यांदाच आमच्या सभेत आले, दाराशी लाजून उभे. पाक सुबेखान म्हणाले, "एका पानावर चार चार नावं! गिऱ्हाईक गोंधळेल." तारमी म्हणाली, "गिऱ्हाइकाला वाचता येतं ना? मग वाचेल."

तर साचा बदल, तुंजुंग. एक जागा नको. जितकी माणसं तितक्या ओळी. चार असतील तर चार, पाच असतील तर पाच. आमच्याकडे ठशाला तांब्याच्या जास्तीच्या पट्ट्या जोडून घेतात, तुझ्याकडेही काहीतरी असेलच. अवघड असेल तरी कर. मी विचारत नाहीये, आमचं ठरलंय. तोपर्यंत माझं नाव पानावरून काढून ठेव, चास्मिनीचं आणि मुस्री’आहचंही. साठही जणींनी सांगितलंय. पान पुन्हा उघडेल ते सगळ्यांना घेऊनच.

नावांची यादी सोबत आहे, एकशे सव्वीस. बाकीची मी लिहिलीत, पहिलं मात्र कसिपाहनं स्वतः लिहिलंय. काल दुपारभर माझ्या ओटीवर बसून शिकली. कागदावर निळं बोट उमटलंय, ते पुसायला जाऊ नकोस.

आणि तुझ्या कांग देंडींना सांग की ‘जागा नाही’ असं उत्तर पाठवू नका. बसवाल्याशी बोलणं झालंय. तीन बसमध्ये आम्ही सगळे बांडुंगला मावतो.

तुझी आजी
सा’दियाह